कोयनेलचा हंगाम

ता. १२ सप्टेंबर १९३५

सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. वडगाव निंबाळकर. चावडीच्या ओट्यावर बसून कोयनेलच्या, म्हणजे हिवतापावरच्या गोळ्यांच्या पुड्या बांधत आहे. नोकरीचा पहिला दिवस. होळीपर्यंत ठेवू, असे परचुरेसाहेब म्हणाले. ते आरोग्यखात्याचे इन्स्पेक्टर. माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाले, "मराठी सहावी, आणि एक काना चुकला नाही! शाळा का सोडलीत?" वडील वारले म्हणून, असे सांगितले. त्यांनी मान हलवली.

हुकूम असा – पाटाच्या काठच्या घरांत रोज जायचे. ताप असो नसो, मोठ्याला दोन गोळ्या, पोराला अर्धी. हातात ठेवून निघायचे नाही. गिळलेली बघायची.

पेटी चावडीत राहील. राखण माझी. आईला तेच सांगितले – सरकारी माल, सोडता येत नाही. खोटे नाही. पण पेटी यायच्या कितीतरी आधीपासून मी इथेच झोपतो, हे आईला ठाऊक आहे. म्हाळसालाही. म्हाळसा माझी बायको.

१३ सप्टेंबर

पुरुषांचे सोपे. तोंड वाकडे करतात, सरकारला शिवी देतात, गिळतात. बायका गोळी घेऊन पदराआड वळतात आणि गोळी कनवटीला जाते! म्हणून विहिरीवर सांगितले, तोंड उघडून दाखवा. हसण्याचा कल्लोळ. कुंभारवाड्याजवळची सारजा म्हणाली, "भावजी, माझ्या नवऱ्यानं बी कधी येवढं निरखून बघितलं न्हाय!" मी पुढच्या घराकडे निघालो. कान गरम झाले होते.

पुढच्या घरी बानूबाईने दारच अडवले. "मला दे, म्हाताऱ्याला दे. सुनंला न्हाय."

का?

"कूस वाळती त्या गोळीनं. दोन सालं झाली लग्नाला, अजून पाळणा न्हाय. वर तुझं ईख कशाला?"

मागे सून घोंगडीत बसली होती. दातावर दात वाजत होते. बाहेर कडक ऊन.

एक नकार, असे लिहिले.

१७ सप्टेंबर

एकदाच लिहितो, म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही.

पहिले मूल अडले आणि मेलेले आले. दुसरे मागच्या मार्गशीर्षात. म्हाळसाला गाडीत घालून बारामतीला नेले. डॉक्टरीणबाईंनी मूल हत्याराने काढले. कंदील मी धरला होता. मुलगा होता. हात धुताना बाई म्हणाल्या, "हाड अरुंद आहे. तिसऱ्या खेपेला ही वाचायची नाही. काय सांगते ते समजलं ना?"

समजले. तेव्हापासून चावडी.

दुःख होते असे नाही. काही होतच नाही. जेवायला घरी जातो. ती वाढते. मी जेवतो, हात धुतो, निघतो. ती दारापर्यंत येते आणि तांब्या घेऊन आत जाते.

२२ सप्टेंबर

आईने आज जेवताना विषय काढला. इंदापूरकडची पोरगी आहे, हाडापेराने दणकट. "माघात उरकून टाकू. म्हाळसाला कोण हाकलतंय? राहील की. दोघी मिळून करतील काम."

मी म्हटले, नको.

"मग वंश कोण चालवनार? तुझी ती पेटी?"

म्हणालो, डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते तुलाही माहीत आहे.

"त्या बयेला स्वतःला तरी हाय का ल्योक?"

म्हाळसा आत दळत होती. तिला सगळे ऐकू गेले असणार. जाते एकदाही थांबले नाही.

२६ सप्टेंबर

दगडाबाई सुईण गोळी घेते पण आधी भांडते. आज पारावर बसवून घेतले.

"भीमा, तुला म्हाईत न्हाय. माझी सासू व्हती तवा आटवड्याला दोन बाळंतपणं. बारशाच्या घुगऱ्या खाऊन पोट दुखायचं आमचं! लुगडी ठेवायला जागा न्हवती घरात. आन् आता? गौरी गणपतीपास्नं मला कुणी हाक मारली न्हाय. काय खावं सुइणीनं?"

मी विचारले, कधीपासून असे झाले?

"पाट आला, ऊस आला, पैका आला. समद्यांची कौलं झाली. पन पाळणं काय हालंनात. पैल्यांदा वाटलं, चारदोन घरांचं नशीब. मग माझ्या हाताखाली जन्मलेल्या पोरींची लग्नं झाली, त्यांना बी तेच. आईला आठ, तर लेकीला दोन, न्हायतर एक, न्हायतर शेरभर नवस. पाटाचं पाणी थंड आसतंय. कूस गार पडती. आन् आता तुझी ही कडू गोळी. व्हतं न्हवतं ते बी जायाचं!"

मग तोंड उघडून दाखवले. चार दात.

३० सप्टेंबर

परचुरेसाहेब सायकलवरून आले. चहा नको म्हणाले, दूध घेतले. नकार किती ते विचारले. सांगितले, आणि बायका काय म्हणतात तेही सांगितले. मला वाटले हसतील. हसले नाहीत.

म्हणाले, "उलट आहे हो सगळं. मी तालुक्यातले मागच्या तीस वर्षांचे जन्म गोळा केले आहेत. पाटाखालच्या गावांत निम्म्यावर आले. वरच्या जिरायत गावांत, जिथे दुष्काळाला खायला नाही, तिथे आहेत तसेच आहेत. पाट झिरपतो, डबकी होतात, डास होतात, ताप येतो. तापलेल्या बाईला दिवस जात नाहीत, गेले तर राहत नाहीत. गोळी कूस वाळवत नाही. ताप वाळवतो. तुम्ही गोळ्या नीट गिळवा, तीन वर्षांत बघा गाव कसं भरतं ते."

जाताना म्हणाले, हे बायकांना समजावून सांगा.

मी कोणा बाईला काय सांगणार? हो म्हणालो.

२ ऑक्टोबर

विहिरीच्या मागच्या वाटेवर सारजाने गाठले. आज थट्टा नाही. इकडेतिकडे बघून म्हणाली, "भावजी, मला जादा दे. सासूला कळू नगं."

ताप आहे का, म्हणून विचारले.

"ताप कशाचा! सात झाली. पाच हायेत. आता बास. ही गोळी सव्वा महिना चुकवली न्हाय की पुन्हा दिवस जात न्हाईत म्हनं. खरं हाय न्हवं?"

मी साहेबांचे बोलणे सांगायला तोंड उघडले. मग मिटले. तिच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. गिळल्या. पाणीसुद्धा मागितले नाही.

तिच्यासारख्या अजून तीन आहेत म्हणाली. उद्यापासून येतील.

३ ऑक्टोबर

दिवसभर दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या.

साहेब शिकलेले. पण त्यांना गोळ्या खपवायच्या आहेत, वरून तगादा आहे. कूस वाळते असे ते कसे कबूल करतील? आणि त्यांच्याजवळ आकडे. बायकांजवळ त्यांचे स्वतःचे शरीर. बानूबाई घाबरते, सारजा मागते – दोघींचे आपसात भांडण, पण गोळीविषयी दोघींचे मत एकच. सुईणही तेच म्हणते. एवढ्या बायका चुकतील?

असा विचार केला. बरोबर आहे असे वाटते.

५ ऑक्टोबर

म्हाळसाला दर तिसऱ्या दिवशी ताप येतोच, त्यामुळे निमित्त होते. आई शेतात गेल्यावर दोन गोळ्या दिल्या. म्हणालो, रोज घ्यायच्या, सव्वा महिना, एक दिवस चुकता कामा नये.

ती गोळ्या तळहातावर ठेवून बघत राहिली. "बायका म्हनत्यात त्याच व्हय ह्या?"

मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ. मग गिळल्या आणि मी न सांगता तोंड उघडून दाखवले.

११ ऑक्टोबर

आजही घेतल्या. रोज जेवण झाल्यावर स्वतःच हात पुढे करते.

१९ ऑक्टोबर

आईने इंदापूरला निरोप धाडला. मला न विचारता! भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवला. ती म्हणाली, "मग रहा जा तुझ्या घरात माणसासारखा. चावडीत भुतं ऱ्हात्यात." म्हाळसा भाकरी थापत होती. तवा तापलेला आणि ती तशीच थापत राहिली, भाकरी हातापेक्षा मोठी झाली.

२८ ऑक्टोबर

पाडवा. म्हाळसाने ओवाळले. ताटात घालायला माझ्याजवळ काही नव्हते, म्हणून परवा चोळीचा खण आणला होता. हिरवा. ती म्हणाली, "येवढ्या लांब बारामतीला गेला व्हता? खणासाठी?" हसली. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा तिचे दात दिसले.

१० नोव्हेंबर

सव्वा महिना भरला.

१२ नोव्हेंबर

काल चावडीत झोपलो नाही. पेटी घरी आणली.

१ डिसेंबर

तिचा ताप गेला. पूर्ण गेला. ओठांना रंग आला आहे. गुऱ्हाळावरून काकवी आणली ती बोटाने चाटून संपवली आणि मग आईला सांगितले मांजर प्याली! आई मांजराच्या मागे काठी घेऊन. मी गोठ्यात तोंड दाबून उभा. किती दिवसांनी हसू आले. छातीत दुखले हसताना, वापरात नसल्यासारखे.

गोळ्या चालूच ठेवल्या आहेत. बंद केल्या तर?

१८ डिसेंबर

बानूबाईच्या सुनेला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात पोट पडले. अंगात कायम ताप. दगडाबाई जाऊन आली, काही मिळाले नाही, कुरकुरत परतली.

मी त्या दारावरून जात होतो. बानूबाई ओरडली, "शेजारनी खात्यात तुझं ईख! त्यांचा वारा लागला माझ्या सुनंला!"

त्या सुनेने एकही गोळी घेतलेली नाही. हे मी स्वतः लिहिले आहे, रोज. मला काहीतरी कळल्यासारखे झाले, पण मी पुढच्या घरी गेलो. पुढच्या घरी पाच माणसे.

१४ जानेवारी १९३६

संक्रांत. सारजा घरी आली. वाण द्यायला आली असे आईला वाटले. मला गोठ्याकडे बोलावून घेतले.

"भावजी, तुझ्या पेटीला आग लाव!"

काय झाले?

"आठवं! तिसरा लागला. सव्वा महिना सोड, तीन महिनं खाल्ल्या तुझ्या गोळ्या, जीभ कडू जहर झाली, गूळ बी कडू लागाय लागला. आन् वर आठवं! नुसती मीच न्हाय. त्या तिघींतल्या दोघी बी. त्या मला खायाला उठल्यात. म्हनत्यात तूच आमाला वाट दावली. नवरा मात्र मिशीला पीळ देतोय, म्हनतो गोळी लई गुणाची!"

मग एकदम हसायला लागली. डोळ्यांत पाणी, आणि हसते. "माझा ताप गेला बग पन. ते एक खरं. इतकी ताकद आलीया अंगात, काय सांगू."

तिळगूळ हातावर ठेवून गेली.

१५ जानेवारी

ज्यांना मूल नको त्या गोळी घेतात. त्यांचा ताप जातो. त्यांना दिवस जातात. ज्यांना मूल हवे त्या गोळी घेत नाहीत. त्या तापतात. त्यांचे राहत नाही.

साहेबांनी हेच सांगितले होते. शब्दाला शब्द लिहून घेतले होते मी. शुद्ध लिहिले होते.

आज पुन्हा चावडीत झोपणार आहे. म्हाळसाने कारण विचारले नाही.

२७ जानेवारी

म्हाळसा या महिन्यात बाजूला बसली नाही.

३० जानेवारी

अजून नाही.

९ फेब्रुवारी

आईने इंदापूरला उलट निरोप धाडला. गावभर साखर वाटली. दगडाबाई येऊन म्हाळसाच्या पोटाला हात लावून गेली, लुगड्याचा रंगसुद्धा सांगून गेली. म्हाळसा कोपऱ्यात बसून सगळ्यांशी बोलते, लाजते, आंबट मागते. मला ती दुसऱ्याच कोणाच्या घरातली बाई वाटते.

परचुरेसाहेब आले. पाटाकाठी नऊ बायकांना दिवस गेल्याचे त्यांना कळले आहे. पाठ थोपटली. "इतर गावांत निम्म्या गोळ्या उकिरड्यावर सापडतात. तुम्ही बायकांना समजावलंत तरी कसं?"

म्हणालो, त्यांचे त्यांनाच समजले.

"आणि तुमच्याही घरी आनंदाची बातमी आहे म्हणे!"

हो म्हणालो. त्यांनी दूध मागितले. दिले.

२० फेब्रुवारी

दगडाबाईला शेवटी विचारलेच – झाडपाला काही असतो का? काढायला.

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "आसतो. तिलाच इचारून ये आधी."

विचारले. शब्द नीट जुळेनात, पण विचारले. म्हाळसा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "न्हाय." आणि पुन्हा खडे शोधू लागली.

३ मार्च

लिहिण्यासारखे काही नाही.

१६ एप्रिल

दगडाबाईच्या भरवशावर बसण्यापेक्षा गाडी केली आणि म्हाळसाला बारामतीला नेले. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना ओळखले. मला एवढे बोलल्या की बाहेरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मग बसल्या आणि सावकाश म्हणाल्या – पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, भाद्रपदाच्या आत, कळा सुरू व्हायच्या आधी. तिथे पोट चिरून मूल काढतात. काही बायका वाचतात. म्हाळसाने विचारले, "मूल वाचतं?" बाई म्हणाल्या, बहुतेक वेळा. म्हाळसाने पदर नीट केला आणि उठली.

येताना ऊन उतरले होते. मी म्हणालो, मला माफ कर, मी गोळीविषयी चुकीचे समजलो, तुला फसवले असे झाले.

ती म्हणाली, "कशाला फसवताय! आमच्या म्हायेरी, शेळगावात, दोन सालं आधीच आली ती गोळी. माझ्या वैनीला ताप जाऊन पोरगा झाला, गोळी चालू आसतानाच. तुमी पैल्या दिशी हातावर ठेवली तवाच मला ठावं व्हतं."

मग बोलली का नाहीस?

"बोलले आसते, तर तुमी चावडीतनं घरी आला आसता व्हय?"

खर्च: गाडी बारा आणे. डॉक्टरीणबाई दोन रुपये. म्हाळसाने चिंचा मागितल्या, एक पैसा.
देणे: गाडीवाल्या आबाजीचे मागचे सहा आणे. पुण्याच्या दवाखान्याचे किती ते लिहून विचारायचे आहे.